सीजीनॅटमागून आयपीव्ही६ टनेल: उठत का नाही, उठला तरी लटकतो का, आणि मुळात हवा आहे का

प्रश्न थोडक्यात असा. घर सांगलीत, स्थानिक केबलवाल्याचं फायबर, त्यावर आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही४) मिळत नाही. घरात रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर कुटुंबाचे फोटो साठवलेत आणि ते बाहेर असताना मोबाइलवर बघायचेत. मोबाइलला मात्र आयपीव्ही६ आहे. म्हणून एका ब्रोकरकडून (टनेलचं पलीकडचं टोक पुरवणाऱ्या सेवेकडून) फुकटचा सिक्स-इन-फोर टनेल घेतला, पण घरी तो उठलाच नाही. तोच टनेल पुण्यात भावाच्या ऑफिसात, स्टॅटिक आयपी असलेल्या कनेक्शनवर लावला तर उठला, पण काही साइट झटकन उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात. "मग नक्की कुठला टनेल वापरू?"

यात दोन बिघाड आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. घरी टनेल उठत नाही तो सीजीनॅटमुळे (ऑपरेटरकडचं नॅट, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटणारं यंत्र), ऑफिसात लटकतो तो एमटीयूमुळे (एका पॅकेटची कमाल लांबी). तिसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण खरी गोम तिथेच आहे: घरच्या पायपर्यंत पोहोचायला आयपीव्ही६ लागतंच असं नाही. आधी बिघाड बघू, मग तिकडे वळू.

सिक्स-इन-फोर टनेलमध्ये अख्खं आयपीव्ही६ पॅकेट उचलून आयपीव्ही४ पॅकेटच्या पोटात ठेवतात. बाहेर आयपीव्ही४चं २० बाइटचं हेडर, आत आयपीव्ही६चं ४० बाइटचं, त्याच्या आत तुमचा मजकूर. वाटेतल्या राउटरना फक्त बाहेरचं हेडर दिसतं, त्यामुळे आयपीव्ही६चा गंध नसलेल्या नेटवर्कमधूनही पॅकेट पलीकडे जातं. आत काय आहे हे सांगण्यासाठी बाहेरच्या हेडरमध्ये प्रोटोकॉलचं एक खानं असतं. नेहमीच्या वाहतुकीच्या दोन पद्धतींपैकी टीसीपी असेल तर त्यात ६, यूडीपी असेल तर १७, आणि आत आयपीव्ही६ असेल तर ४१.

इथे पुष्कळ जण फसतात. ४१ वाचलं की राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर जाऊन पोर्ट ४१ उघडतात. त्याचा काडीचाही उपयोग नाही, कारण ४१ हा पोर्ट नाहीच. पोर्ट, म्हणजे पॅकेट कुठल्या जोडणीचं ते सांगणारे नंबर, टीसीपी आणि यूडीपीला असतात. प्रोटोकॉल ४१ त्यांच्या शेजारी, त्याच पायरीवर बसतो आणि त्याला पोर्ट नावाची चीजच नाही.

हेच तुमच्या घरच्या बिघाडाचं मूळ. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा (केबलवाल्याकडच्या बाजूचा) पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही छोटे ऑपरेटर त्याऐवजी १० ने सुरू होणारे पत्ते देतात, अर्थ तोच. खात्री करायची तर 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या कुठल्याही साइटवरचा पत्ता आणि राउटरवरचा पत्ता ताडून बघा. दोन्ही वेगळे निघाले की विषय संपला. यात केबलवाल्याचा तसा दोष नाही. आयपीव्ही४चा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला, आणि आशिया-पॅसिफिकची नोंदणीसंस्था त्याच वर्षी १५ एप्रिलला आपल्या शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आली. त्यानंतर धंद्यात उतरलेल्या ऑपरेटरकडे मोजकेच पत्ते असतात आणि तो एकेक पत्ता अनेक घरांत वाटतो.

ही वाटणी पोर्ट नंबरच्या जोरावर चालते. बाहेरून आलेलं पॅकेट कुणाचं, हे सीजीनॅटचं यंत्र पोर्टवरून ठरवतं. प्रोटोकॉल ४१च्या पॅकेटवर पोर्ट नाही. म्हणजे सोसायटीच्या गेटवर पार्सल आलं, इमारतीचं नाव बरोबर आहे, पण फ्लॅट नंबर लिहिलेलाच नाही. वॉचमन ते ठेवून घेत नाही. घरच्या पायवर टीसीपीडंप (जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावलात तर हे उघड दिसेल: प्रोटोकॉल ४१ची पॅकेटं एकामागून एक बाहेर जातायत आणि परत एकही येत नाही. हे चित्र दिसलं की सेटिंगशी झटापट थांबवा, घरच्या राउटरवर काहीही केलंत तरी फरक पडणार नाही. (राउटरला सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता थेट मिळत असेल, म्हणजे सीजीनॅट नसेल, आणि तरीही पॅकेट येत नसेल, तर मात्र राउटर स्वतःच ४१ अडवत असू शकतो. अशा वेळी पायला डीएमझेडमध्ये (बाहेरून येणारं सगळं एकाच उपकरणाकडे सोडणारी राउटरची सोय) टाकून बघतात, काही राउटर तेवढ्यावर सोडतात. आणखी एक, बरेच ब्रोकर तुमचा पत्ता पिंगला उत्तर देत नसेल तर टनेल बनवूनच देत नाहीत.)

आता ऑफिस. तिथे पत्ता सार्वजनिक आहे, त्यामुळे टनेल उठला. "काही साइट लटकतात" हे लक्षण इतकं ठरावीक आहे की मी ते ऐकल्यावर पहिला प्रश्न एमटीयूचाच विचारतो.

हिशोब बघा. इथरनेटवर एका पॅकेटची कमाल लांबी १५०० बाइट. ऑफिसचं कनेक्शन युजरनेम-पासवर्ड टाकून चालू होणारं, म्हणजे पीपीपीओई असेल, तर त्याचे ८ बाइट जातात आणि उरतात १४९२. टनेलचं बाहेरचं हेडर २० बाइट खातं, उरले १४७२. पण टनेलचं इंटरफेस बहुतेक ठिकाणी आपोआप १४८० धरून बसतं, कारण मध्ये पीपीपीओई आहे हे त्याला ठाऊकच नसतं. फरक फक्त ८ बाइटचा, आणि तेवढ्यावर सगळं अडतं.

आयपीव्ही४मध्ये पॅकेट मोठं झालं तर वाटेतला राउटर त्याचे तुकडे करू शकायचा. आयपीव्ही६मध्ये ती सोय मुद्दाम काढून टाकली आहे. वाटेतला राउटर पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला 'पॅकेट टू बिग' असा निरोप आयसीएमपीव्ही६ने (नेटवर्कमधल्या अडचणी कळवण्याच्या प्रोटोकॉलने) धाडतो, मग पाठवणारा लहान पॅकेट पाठवतो. व्यवस्था उत्तम आहे, निरोप पोहोचला तर. पण आयसीएमपी म्हणजे धोका, असं मानून तो सरसकट अडवणारे ॲडमिन कमी नाहीत. त्यात टनेलच्या बाहेरच्या आयपीव्ही४ प्रवासात अडलेल्या पॅकेटचा निरोप आतल्या आयपीव्ही६ पाठवणाऱ्यापर्यंत नीट भाषांतरित होऊन पोहोचेलच असंही नाही. निरोप हरवला की सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि ते त्याच जागी गडप होत राहतं.

म्हणून लक्षणं अशी चमत्कारिक दिसतात. एसएसएचने (दुरून कमांड देण्याची सोय) लॉगिन होतं, पण मोठ्या फोल्डरची यादी मागितली की स्क्रीन गोठते. बँकेच्या साइटशी जोडणी होते, टॅबवर गोल फिरत राहतो, पान येत नाही. लहान पॅकेटं जातात, मोठी जात नाहीत.

ब्राउझर आयपीव्ही४वर परत का येत नाही, हा इथे हमखास येणारा उपप्रश्न. आजचे ब्राउझर दोन्ही प्रोटोकॉलवर शर्यत लावतात. आधी आयपीव्ही६ने सुरुवात, साधारण पाव सेकंदात जोडणी झाली नाही तर आयपीव्ही४ही सोबत सोडायचं, जो आधी जोडेल तो घ्यायचा. या पद्धतीला हॅपी आयबॉल्स म्हणतात, २०१२ साली ती पहिल्यांदा लिहिली गेली आणि २०१७ मध्ये सुधारली. पण ही शर्यत फक्त हस्तांदोलनाची, म्हणजे जोडणी सुरू करतानाच्या देवाणघेवाणीची आहे, आणि हस्तांदोलनाची पॅकेटं चिमुकली असतात. ती टनेलमधून सहज जातात, आयपीव्ही६ शर्यत जिंकतं, ब्राउझर निर्धास्त होतो आणि मग पहिलं भरलेलं पॅकेट आलं की सगळं ठप्प. पूर्ण मेलेला टनेल त्यामानाने परवडला, कारण त्यात ब्राउझर गुपचूप आयपीव्ही४वर जातो आणि कुणाची तक्रार येत नाही. अर्धवट चालणारा टनेल माणसाला वेड लावतो.

तपासायला पाच मिनिटं लागतात. टनेलमधून एखाद्या आयपीव्ही६ पत्त्याला पिंग करा, तुकडे करायचे नाहीत अशी सक्ती घालून, आणि आकार वाढवत न्या. मजकुराव्यतिरिक्त ४० बाइट आयपीव्ही६चे आणि ८ बाइट आयसीएमपीचे जातात, म्हणून १४७२च्या वाटेवर १४२४ बाइटचा मजकूर पलीकडे जाईल आणि १४२५चा नाही. अशी धारदार सीमा दिसली की निदान पक्कं. मग टनेलचा एमटीयू दोन्ही टोकांना १४७२ करा. दोन्ही टोकांना हे महत्त्वाचं, कारण मोठी पॅकेटं तुमच्याकडे पलीकडून येतात, नुसतं आपल्या बाजूला बदलून भागत नाही. ब्रोकरच्या पानावर बहुधा हा आकडा बदलायची सोय असते. शिवाय राउटरवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या मजकुराची कमाल लांबी) १४१२ वर बांधून टाका (१४७२ वजा ६०), म्हणजे समोरचा सर्व्हर मुळातच मोठं पॅकेट पाठवणार नाही. फार खोलात जायचं नसेल तर एमटीयू सरळ १२८० ठेवून बघा. आयपीव्ही६ चालणाऱ्या प्रत्येक वाटेवर किमान एवढं जायलाच हवं असा नियम आहे. त्याने लटकणं थांबलं तर दोष एमटीयूचाच होता, मग आरामात योग्य आकडा शोधा.

ऑफिसात टनेल कायम ठेवावा का? माझं मत, नको. ऑफिसचं कनेक्शन स्टॅटिक आयपीवालं आहे म्हणजे पुरवठादार बऱ्यापैकी मोठा असणार, त्याच्याकडे थेट आयपीव्ही६ मागा. ब्रोकरचं टोक सिंगापूरला असेल तर पुण्यातून निघून मुंबईच्या सर्व्हरला जाणारं पॅकेटही समुद्रापार जाऊन परत येतं. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये अशा टनेलवरून येणाऱ्यांना प्रॉक्सीवाले समजून अडवायला सुरुवात केली. आणि फुकट सेवा कधीही बंद होऊ शकते: सिक्सएक्सएस हा युरोपातला जुना नावाजलेला ब्रोकर ६ जून २०१७ रोजी बंद झाला. हरिकेन इलेक्ट्रिकचा ब्रोकर शिकायला, चाचणीला फार चांगला आहे, मी आजही लोकांना तो सुचवतो. पण ऑफिसचा रोजचा कारभार त्यावर टाकू नये.

टनेल निवडताना मी एकच गोष्ट आधी विचारतो: पलीकडचं टोक कुणाच्या हातात आहे? सिक्स-टू-फोर या दुसऱ्याच एका टनेल पद्धतीचा इतिहास बघितला की हा प्रश्न का महत्त्वाचा ते कळतं. २००१ साली आलेली ही पद्धत कागदावर फार देखणी होती. नोंदणी नको, करार नको, तुमच्या आयपीव्ही४ पत्त्यावरूनच २००२ ने सुरू होणारा आयपीव्ही६ पट्टा तयार. पॅकेट १९२.८८.९९.१ या सामाईक पत्त्याकडे पाठवायचं, जगात जवळ जो कुणी रिले (आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ यांना जोडणारा राउटर) चालवत असेल तो ते पुढे नेईल. जाताना एक रिले, येताना भलताच दुसरा, आणि बिघडलं तर जबाबदार कुणीच नाही. शेवटी मे २०१५ मध्ये तो सामाईक पत्ताच अधिकृतपणे मोडीत काढला. याउलट फ्रान्समध्ये फ्री नावाच्या कंपनीने २००७च्या अखेरीस जवळपास हेच तंत्र घेतलं, पण रिले स्वतःच्या नेटवर्कमध्ये आणि पट्टा स्वतःचा ठेवला. पाच आठवड्यांत ग्राहकांना आयपीव्ही६ मिळालं. रेमी देप्रे यांची ही कल्पना पुढे सिक्स-आरडी म्हणून २०१० मध्ये प्रमाणित झाली. तंत्रात फरक थोडका होता. एका ठिकाणी दोन्ही टोकांना एकच धनी होता, दुसऱ्या ठिकाणी नव्हता.

टेरेडोबद्दलही कुणीतरी सुचवेल म्हणून सांगतो. तो नॅटमागून चालावा म्हणूनच बनवला, २००६चा, आयपीव्ही६ला यूडीपीत गुंडाळतो, त्यामुळे पोर्टचा प्रश्न सुटतो. पण त्याचीही मदार परक्यांच्या रिलेवर. आज नव्याने त्याच्या नादी लागू नका.

आता तुमचं खरं काम. घरून बाहेर जाणारा, यूडीपीवर चालणारा आणि दोन्ही टोकं तुमच्या ताब्यात असलेला टनेल तुम्हाला हवाय. त्यासाठी मी हे करीन: मुंबई किंवा बेंगळुरूच्या डेटा सेंटरमधला सगळ्यात छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही असलेला. त्यावर वायरगार्ड (यूडीपीवर चालणारा एन्क्रिप्टेड टनेल बनवणारा प्रोग्राम), घरच्या पायवर वायरगार्ड, मोबाइलवर वायरगार्डचं ॲप. पाय व्हीपीएसकडे जोडणी करतो, मोबाइलही व्हीपीएसकडेच करतो, दोघांची गाठ तिथे पडते. लिनक्सच्या कर्नेलमध्येच वायरगार्ड २०२० पासून आहे, त्यामुळे वेगळं काही जुळवावं लागत नाही.

पायच्या बाजूला कीपअलाइव्ह (जोडणी जागती ठेवायला ठरावीक वेळाने जाणारं रिकामं पॅकेट) २५ सेकंदांवर ठेवायला विसरू नका. सीजीनॅट शांत पडलेली यूडीपीची नोंद थोड्या वेळात पुसून टाकतं, आणि मग मोबाइलकडून आलेलं पॅकेट घरी पोहोचत नाही. "रात्री चालत होतं, सकाळी बंद" ही तक्रार बहुतेकदा इथलीच असते. मोबाइलवर अलाउड आयपीमध्ये (टनेलमधून कुठले पत्ते जायचे ती यादी) फक्त तुमच्या खासगी नेटवर्कचा पट्टा लिहा. तिथे सगळं इंटरनेट लिहिलंत तर फोनचं यच्चयावत ट्रॅफिक व्हीपीएसवरून फिरेल आणि महिन्याचा कोटा उगाच संपेल. एमटीयू वायरगार्ड आपणच १४२० धरतं. बाहेर आयपीव्ही४ असेल तर ६० बाइटचा बोजा पडतो, म्हणजे १४८०, पीपीपीओईच्या १४९२ मध्ये आरामात बसतं. बाहेर आयपीव्ही६ असेल तर बोजा ८०चा, मग पीपीपीओईवर १४१२ करावं लागतं. तुमच्या घरी बाहेरचं आयपीव्ही४ आहे, तेव्हा हात लावू नका.

फोनच्या बाजूची काळजी नको. जिओसारख्या नेटवर्कवर फोनला मुळात आयपीव्ही६च मिळतं, आणि आयपीव्ही४ लागलं की ४६४-एक्सलॅट कामाला येतं. अँड्रॉइडवर इंटरफेसची यादी काढलीत तर १९२.०.०.४ असा पत्ता दिसेल, तो त्याचाच. हा टनेल नव्हे, भाषांतर आहे: फोन आयपीव्ही४चं हेडर काढून आयपीव्ही६चं लावतो, कंपनीच्या नेटवर्कमधलं नॅट६४ ते पुन्हा उलटं करतं. वायरगार्ड त्यातून बिनबोभाट जातं. व्हीपीएसचा आयपीव्ही६ पत्ता दिलात तर तेवढाही फेरा वाचतो.

या सगळ्यात घरात आयपीव्ही६ कुठेच आलं नाही, आणि फोटो बघायला ते लागतही नाही. तरीही घरच्या सगळ्या उपकरणांना खरंखुरं आयपीव्ही६ द्यायची हौस असेल तर याच वायरगार्डमधून देता येतं. फक्त व्हीपीएस घेताना विचारा की आयपीव्ही६चा पट्टा तुमच्याकडे राउट करून देणार का. बऱ्याच ठिकाणी /६४ (एका नेटवर्कपुरता आयपीव्ही६चा पट्टा) नुसता सर्व्हरच्या लिंकवर टाकलेला असतो, मग तो घरी नेण्यासाठी नेबर प्रॉक्सीच्या (घरच्या पत्त्यांच्या वतीने सर्व्हरने उत्तर देण्याच्या) उचापती कराव्या लागतात आणि ते दुखणं मी कुणाला सुचवणार नाही. आणि फायरवॉल आधी, पत्ते नंतर. आयपीव्ही४चं नॅट आडोसा म्हणून आपोआप काम करत होतं. टनेलमधून आलेल्या आयपीव्ही६ला तो आडोसा नाही. तुमचा प्रिंटर, कॅमेरा, टीव्ही, सगळे थेट जगाला दिसू लागतात. टनेलच्या इंटरफेसवर बाहेरून येणारं सगळं बंद, आतून सुरू झालेल्या जोडण्यांची उत्तरं तेवढी आत, एवढा नियम टाकल्याशिवाय पट्टा घरात सोडू नका. भावाच्या ऑफिसात आज टनेल चालू आहे, तिथे हे केलंय का ते आजच बघा. सिक्स-इन-फोरला कुलूपकिल्लीही नसते, ना एन्क्रिप्शन ना ओळख पटवणं, त्यामुळे प्रोटोकॉल ४१ फक्त ब्रोकरच्या पत्त्यावरूनच स्वीकारा.

व्हीपीएसचा खर्च नको असेल तर केबलवाल्याला विचारून बघा. अनेक ठिकाणी महिन्याला थोडे जास्त पैसे घेऊन स्टॅटिक आयपीव्ही४ देतात, मग वायरगार्डचं टोक थेट घरीच ठेवता येईल. किंवा आयपीव्ही६ कधी सुरू होणार ते विचारा, आणि तो "आहे की" म्हणाला तर प्रीफिक्स डेलिगेशन (घरातल्या उपकरणांसाठी अख्खा पट्टा) मिळतं का तेही विचारा. नुसता राउटरला पत्ता मिळून घरातल्या उपकरणांना काही फायदा नाही. थेट मिळत असेल तर वरचं सगळं विसरा, ते केव्हाही चांगलं. तेव्हाही फायरवॉलचं मात्र लागू राहतं.

यातून काही अडलं तर चार गोष्टी कळवा: राउटरवरचा वॅन पत्ता (शेवटचे दोन आकडे झाकून), कनेक्शन पीपीपीओई आहे की नाही, पिंग कुठल्या आकारापर्यंत जातो, आणि पायवर वायरगार्डचं 'शेवटचं हस्तांदोलन' किती वेळापूर्वीचं दिसतंय.